दोन रेकॉर्डर, एक लय : घरच्या रेकॉर्डिंगसाठी मल्टिट्रॅक रेकॉर्डर सिंक कसे करायचे

घरी आठ चॅनेलचा रेकॉर्डर असतो आणि भजनी मंडळ रेकॉर्ड करायला घेतलं की चॅनेल पुरत नाहीत. पखवाजाला दोन माइक, हार्मोनियमला एक, तानपुऱ्याला एक, बुवांना एक, टाळकऱ्यांना दोन, मागे साथ देणाऱ्यांना दोन. इथेच नऊ झाले. ढोलपथकाची गरज याहून मोठी. नाशिक ढोलाला टिपरूच्या पानाकडे एक आणि थापेच्या पानाकडे एक असे माइक लावले, तर चार ढोलांतच आठ चॅनेल संपतात आणि ताशे बाकीच राहतात.

मग ओळखीतून दुसरा रेकॉर्डर आणला जातो, दोन्हींवर एकदम बटण दाबलं जातं. नंतर कॉम्प्युटरवर फायली एकाखाली एक लावल्या की पहिला अभंग नीट वाजतो, चौथ्या अभंगात मात्र पखवाजाच्या प्रत्येक थापेमागे तिची सावली ऐकू येते. बटण किती अचूक दाबलं याच्याशी या बिघाडाचा संबंध नाही. तो का होतो हे कळलं की उपाय सोपा आहे.

१. सम आणि लय वेगवेगळ्या धरा

सिंक या एका शब्दात दोन कामं आहेत. पहिलं काम म्हणजे दोन्ही रेकॉर्डर गाण्याच्या एकाच जागी असणं, म्हणजे समेवर एकत्र येणं. हे काम टाइमकोड करतो. दुसरं काम म्हणजे दोघांनी एकाच गतीने चालणं, म्हणजे लय एक असणं. हे काम क्लॉक करतं. दोन तबलजी एकाच समेवरून उठले आणि दोघांची लय केसभर वेगळी असली, तर काही आवर्तनांनंतर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. रेकॉर्डरचं नेमकं तेच होतं.

प्रत्येक डिजिटल रेकॉर्डरमध्ये क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे मोजमापं, घ्यायचे, तर ते मोजतो हा स्फटिक. साध्या रेकॉर्डरच्या स्फटिकात दहा लाख नमुन्यांमागे काही दहांचा फरक सहज असतो. दोन यंत्रांत दहा लाखांत ५० चा फरक धरा. मिनिटाला ३ मिलिसेकंद, पाच मिनिटांच्या अभंगात १५ मिलिसेकंद, तासाभराच्या भजनात १८० मिलिसेकंद. १५ मिलिसेकंदांना थाप पसरट वाटू लागते, १८० ला सरळ दोन थापा ऐकू येतात.

त्याहून कमी फरकही निरुपद्रवी नसतो. एकाच तबल्याचे दोन माइक दोन वेगळ्या रेकॉर्डरवर असतील आणि त्यांच्यात फक्त १ मिलिसेकंदाचं अंतर पडलं, तर दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवताना ५०० हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. तबला पोकळ वाटतो, आणि अंतर वाढत जातं तसा हा पोकळपणाही सरकत राहतो. इक्वलायझरने तो दुरुस्त होत नाही.

२. काय काय जवळ ठेवायचं

- दोन्ही रेकॉर्डरची मॅन्युअल. फोनवर पीडीएफ उतरवून ठेवा, कारण सिंकचे पर्याय मेन्यूच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीवर दडलेले असतात.
- दोन्हींसाठी दहाव्या क्लासची किंवा त्याहून वेगवान मेमरी कार्डं, त्याच यंत्रात फॉरमॅट केलेली.
- कोअॅक्सियल डिजिटल जोडणीसाठी ७५ ओहमची आरसीए केबल. जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेली व्हिडिओची पिवळ्या टोकाची केबल या कामाला चालते. लाल-पांढऱ्या टोकांच्या ऑडिओ केबलवर भरवसा ठेवू नका.
- ऑप्टिकल जोडणीसाठी टॉसलिंक केबल, एक ते दीड मीटर.
- वर्ड क्लॉक, म्हणजे फक्त गतीचे ठोके नेणारी जोडणी, असेल तर ७५ ओहमची आरजी-५९ केबल बीएनसी (फिरवून बसवायच्या गोल) टोकांसह, शिवाय बीएनसीचा टी (एका जोडणीच्या दोन करणारा तुकडा) आणि ७५ ओहमचा टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारी टोपी).
- मिडी केबल (आवाज नव्हे, यंत्रांमधल्या सूचना नेणाऱ्या), पाच पिनांच्या, दोन.
- एका आउटपुटचे दोन करणारी वाय केबल.
- सहाशे व्हीएचा साधा यूपीएस आणि अर्थिंग असलेला एकच एक्स्टेन्शन बोर्ड.
- कॉम्प्युटरवर रीपर, आर्डर किंवा तसलं मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर.

बीएनसी आणि आरजी-५९ साठी संगीताच्या दुकानात जायची गरज नाही. नाशिकच्या एम. जी. रोड परिसरात सीसीटीव्हीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. पण कॅमेऱ्याची वीज आणि चित्र एकत्र नेणारी ‘थ्री प्लस वन’ केबल घेऊ नका. तिच्यातला कोअॅक्स बारीक आणि हलका असतो. सुटी आरजी-५९ मागा. दिसायला तशीच असलेली आरजी-५८ पन्नास ओहमची असते, तीही नको. इथे एखादी वस्तू मिळालीच नाही, तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जाऊन, लॅमिंग्टन रोडवर खरेदी करून संध्याकाळी परत येता येतं. मात्र नेताना पोर्टांचे फोटो घेऊन जा.

३. रेकॉर्डरची मागची बाजू बघा

पुढचा रस्ता पोर्टांवरून ठरतो. गोल बीएनसी पोर्टावर ‘वर्ड क्लॉक’ लिहिलेलं असेल तर उत्तम. एस/पीडिफ, म्हणजे एकच आरसीए किंवा चौकोनी ऑप्टिकल पोर्ट, असेल तरी क्लॉक जोडता येतं. ऑप्टिकल पोर्टावर एडॅट लिहिलेलं असेल तर क्लॉकबरोबर आठ चॅनेलचा आवाजही जातो. पाच पिनांचं मिडी पोर्ट असेल तर टाइमकोडची शक्यता आहे. यूएसबी आणि हेडफोन एवढंच असेल तर थेट आठव्या टप्प्यावर जा. बहुतेक खिशातले रेकॉर्डर आणि छोटे पोर्टास्टुडिओ (मिक्सर आणि रेकॉर्डर एकत्र असलेली यंत्रं) याच गटात येतात.

झूमच्या आर१६ सारख्या काही यंत्रांत दोन रेकॉर्डर यूएसबी केबलने जोडून एकत्र सुरू करायची सोय आहे. ती जरूर वापरा, पण आठव्या टप्प्यातल्या टाळ्या तरीही घ्या.

इथेच एक प्रश्न स्वतःला विचारा : सोळा चॅनेल एकदाच हवे आहेत की दर महिन्याला? दर महिन्याला हवे असतील तर दोन रेकॉर्डर जोडण्यापेक्षा एडॅट इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं यंत्र) आणि त्याला आठ चॅनेलचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र), उदाहरणार्थ फोकसराइट स्कार्लेट १८आय२० आणि बेहरिंगर एडीए८२००, ही जोडी घ्या. सगळं एका क्लॉकवर, एका कॉम्प्युटरमध्ये येतं आणि टाइमकोडची भानगडच राहत नाही. एकाच ऑप्टिकल केबलवर भागवायचं असेल तर प्रीअँपवर क्लॉक इंटरनल ४८ ठेवा आणि इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स ‘एडॅट’ निवडा. कॉम्प्युटरशिवाय, मंदिरात किंवा मोकळ्या मैदानात काम करायचं असेल, तर रेकॉर्डरच बरे.

४. दोन्हींची सेटिंग एकसारखी करा

केबलला हात लावण्याआधी सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा, जुळवा. फक्त ऑडिओ असेल तर ४४.१, व्हिडिओबरोबर जाणार असेल तर ४८ किलोहर्ट्‌झ. एक ४४.१ वर आणि दुसरा ४८ वर राहिला आणि सॉफ्टवेअरने ४४.१ ची फाइल ४८ च्या दराने वाजवली, तर स्वर जवळपास दीड पट्टी वर सरकतो. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध अडकतो, आणि पाच मिनिटांची रचना ४ मिनिटं ३६ सेकंदांत संपते. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर दुसरीकडे शोधू नका, सॅम्पल रेटच चुकलेला आहे.

बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा ते, दोन्हींवर २४ ठेवा. काही रेकॉर्डर ४४.१ शिवाय दुसरं काही देत नाहीत. तेव्हा दुसऱ्याने खाली यायचं. टाइमकोड वापरणार असाल तर फ्रेम रेट २५ निवडा. आपल्याकडचं टीव्ही-व्हिडिओचं गणित २५ चंच आहे. अनेक यंत्रं कारखान्यातून ३० किंवा २९.९७ वर येतात, आणि मेन्यूत ‘ड्रॉप’ नावाचा पर्याय दिसतो. तो एनटीएससी पद्धतीच्या देशांसाठी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

५. लय जोडा : क्लॉक

दोघांपैकी एक मास्टर ठरवा. ज्याचा स्फटिक चांगला, म्हणजे सहसा महागडं यंत्र, ते मास्टर. मास्टरवर क्लॉक सोर्स ‘इंटरनल’. दुसऱ्यावर ‘एक्स्टर्नल’, ‘डिजिटल इन’ किंवा ‘वर्ड’, जसं लिहिलं असेल तसं.

एस/पीडिफ असेल तर मास्टरच्या आउटमधून दुसऱ्याच्या इनमध्ये एकच केबल. त्या केबलमधून आवाज वापरला नाही तरी क्लॉक येतं, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे. ऑप्टिकल केबल नवी असेल तर टोकांवरची प्लास्टिकची पारदर्शक टोपी काढा. ती तशीच राहिल्याने ‘लॉक होत नाही’ म्हणून केबल परत करणारे कमी नाहीत. शिवाय तेच चौकोनी पोर्ट काही यंत्रांत एडॅट आणि एस/पीडिफ दोन्हींसाठी असतं. कोणतं ते मेन्यूतून ठरतं आणि दोन्ही टोकांना एकच भाषा हवी. एडॅटचे आठ चॅनेल ४४.१ आणि ४८ वर मिळतात. ९६ वर गेलात तर चारच उरतात.

वर्ड क्लॉकच्या केबलचं शेवटचं टोक ७५ ओहमने बंद झालेलं असावं लागतं. शेवटच्या यंत्राला आतच टर्मिनेशन असेल तर त्याचा स्विच चालू करा. नसेल तर बीएनसीचा टी लावून मोकळ्या बाजूला टर्मिनेटर बसवा. दोन्ही एकदम मात्र नकोत, कारण मग सिग्नलचा जोर पडतो आणि लॉक लुकलुकतो. केबल दोन-तीन मीटरची पुरे.

आता बिघाडाच्या दोन मुख्य जागा. दोन्ही यंत्रं इंटरनलवर ठेवून एकातून दुसऱ्यात डिजिटल आवाज पाठवला, तर बारीक ‘टिक’ येत राहतात. दहा लाखांत २० चा फरक असेल तर ४८ किलोहर्ट्‌झवर सेकंदाला साधारण एक नमुना जास्त किंवा कमी पडतो, आणि टिक त्याचीच. उलट, दोन्ही केबल जोडून दोन्ही यंत्रं एक्स्टर्नलवर ठेवली तर दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात आणि गती भरकटते. मास्टर एकच, हा नियम मोडायचा नाही.

स्क्रीनवर ‘लॉक’ हा शब्द किंवा स्थिर दिवा दिसल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका.

६. सम जोडा : टाइमकोड

क्लॉक जोडलं म्हणजे दोघं समान गतीने चालतील. सुरुवात एकत्र करायला मिडी टाइमकोड, म्हणजे एमटीसी, लागतो. मास्टरच्या मिडी आउटमधून दुसऱ्याच्या मिडी इनमध्ये केबल. मास्टरवर ‘एमटीसी जनरेट’ चालू, दुसऱ्यावर ‘एमटीसी चेस’ किंवा तत्सम पर्याय. टाइमकोड नुसता बाहेर पाठवणारी आणि त्याच्यामागे धावू शकणारी यंत्रं वेगळी असतात. मागे धावण्याची सोय ज्याच्यात आहे तेच दुसरं यंत्र करा. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

एमटीसीची अचूकता किती हे समजून घ्या. २५ फ्रेमला सेकंदाला १०० संदेश जातात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांना एक, आणि पूर्ण वेळ कळायला आठ संदेश, म्हणजे ८० मिलिसेकंद लागतात. यावरून दिसेल की एमटीसी एकटा नेमकी गती धरू शकत नाही. क्लॉकविना नुसता एमटीसी लावला तर काही रेकॉर्डर गती कमीजास्त करत मागे धावतात, आणि तानपुऱ्याच्या लांब स्वरात ते हेलकावे ऐकू येतात. दुसरे काही फक्त सुरुवातीला टाइमकोड बघतात आणि मग आपल्या लयीने सुटतात. दोन्हींवर इलाज एकच : गती क्लॉककडून, जागा एमटीसीकडून.

लॉक व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणून गाणं टाइमकोडच्या शून्यापासून सुरू करू नका. निदान दहा सेकंद मोकळे चालू द्या आणि मगच बुवांना खूण करा. प्रत्येक टेकला सुरुवातीचा फरक काही मिलिसेकंदांनी वेगळा येऊ शकतो, पण क्लॉक लॉक असेल तर टेकमध्ये तो वाढत नाही. प्रत्येक टेकआधी एक टाळी वाजवून घेतली की नंतर फाइल एकदाच सरकवायची.

मेन्यूत ‘मिडी क्लॉक’ही दिसेल. ते निराळं आहे. ते एका ठोक्याला २४ खुणा पाठवतं आणि टेम्पो सांगतं. ड्रम मशीन किंवा सिंथ चालवायला उपयोगी. दोन रेकॉर्डर जोडायला एमटीसीच हवा. एमएमसी ही तिसरी गोष्ट : ती फक्त ‘सुरू कर, थांब, रेकॉर्ड कर’ असे हुकूम नेते, त्यासाठी दोन्हींचा डिव्हाइस आयडी जुळावा लागतो. एमएमसीने दोघं एकत्र उठतात म्हणून सिंक झालं असं समजू नका.

७. वाटणी आणि दहा मिनिटांची चाचणी

कोणता माइक कुठे लावायचा याचा नियम असा : एका वाद्याचे सगळे माइक एकाच रेकॉर्डरवर. पखवाजाची डावी बाजू एकावर आणि शाईची बाजू दुसऱ्यावर असं कधीही करू नका. ढोलाची दोन्ही पानं एकाकडे, ताशे सगळे मिळून दुसऱ्याकडे. गायक आणि हार्मोनियम जवळ बसत असतील तर तेही एकत्र, कारण एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातोच. सिंकमध्ये बारीक चूक राहिली तरी या वाटणीमुळे पोकळ आवाज बराच वाचतो.

मंडळी जमायच्या आदल्या दिवशी चाचणी घ्या. फोनवर मेट्रोनोम लावून वाय केबलने तोच आवाज दोन्ही रेकॉर्डरच्या पहिल्या चॅनेलला द्या आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करा. दोन्ही फायली सॉफ्टवेअरमध्ये आणून पहिला ठोका नमुन्यापर्यंत मोठा करून जुळवा, मग शेवटच्या ठोक्याकडे जा. तिथे काय दिसतं त्यावरून निदान :

- दोन-तीन नमुन्यांच्या आत जुळतं : क्लॉक पक्कं आहे.
- फरक एकसारखा वाढत गेला आहे : क्लॉक जोडलेलंच नाही. दुसरं यंत्र इंटरनलवर राहिलंय का ते बघा.
- मधेच एका जागी उडी आहे : लॉक तुटलं, किंवा कार्ड मागे पडून नमुने गळाले. आधी केबल बदला, मग कार्ड.
- फरक कधी पुढे, कधी मागे : नुसत्या एमटीसीच्या मागे धावणं चालू आहे, किंवा टर्मिनेशन चुकलंय.

आणखी कडक तपासणी हवी असेल तर एका फाइलची फेज उलटी करा (म्हणजे तिची लहर वरची खाली करा), दोन्हींची पातळी सारखी करून मोनोत वाजवा. सिंक पक्कं असेल तर ठोके जवळपास गायब होतात. प्रीअँप वेगळे असल्याने थोडी कुजबुज उरते, ती चालते.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगलाही एक चॅनेल यासाठी राखून ठेवता आला तर ठेवा : एकच माइक वाय केबलने दोन्ही रेकॉर्डरवर. चॅनेल जातो हे खरं, पण संपूर्ण कार्यक्रमभर कुठेही दोन्ही फायली ताडून बघता येतात. या वाय केबलवरच्या माइकला फँटम पॉवर, म्हणजे रेकॉर्डरकडून मिळणारी वीज, लागत नसावी; साधा डायनॅमिक माइक घ्या.

८. सिंकचं पोर्टच नसेल तर : दोन टाळ्या

बहुतेकांना हाच रस्ता लागणार आहे आणि नीट केला तर तो पुरेसा आहे. तत्त्व एवढंच : सुरुवातीची खूण सम सांगते, शेवटची खूण लय सांगते. सुरुवातीला टाळी वाजवणारे पुष्कळ असतात, शेवटी कार्यक्रम संपला की लगेच रेकॉर्डर बंद करतात आणि लयीचा पुरावा हातचा जातो.

दोन्ही रेकॉर्डर पंधरा-वीस मिनिटं आधी चालू करून ठेवा. स्फटिकाची गती तापमानाप्रमाणे बदलते. डिसेंबरच्या पहाटे गारठलेल्या खोलीत सुरू केलेलं यंत्र तापेपर्यंत वेगळं चालतं, मे महिन्यात गच्चीवर अजून वेगळं. म्हणूनच आज काढलेला आकडा पुढच्या रेकॉर्डिंगला वापरता येत नाही.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर दोन्हींचा एक-एक माइक शेजारी शेजारी आणा आणि दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर जोरात मारा. हाताची टाळीही चालते, झांज मात्र नको, तिचा आवाज रेंगाळतो. आवाज ३४ सेंटिमीटरला सुमारे १ मिलिसेकंद घेतो. एक माइक तीन मीटर लांब असेल तर ९ मिलिसेकंद तिथेच गेले. मग कार्यक्रम. थांबवायचं नाही, मधल्या चहालाही नाही, कारण बंद करून पुन्हा सुरू केलं की दोन नव्या टाळ्या लागतात. शेवटी माइक हलवले असतील तर परत शेजारी आणा आणि त्याच जागी तशीच पट्टी वाजवा.

आता हिशेब. समजा, पहिल्या रेकॉर्डरवर दोन टाळ्यांमधलं अंतर ३१२.४८० सेकंद आणि दुसऱ्यावर ३१२.४९५ सेकंद आलं. दुसऱ्या फाइलच्या वेगाचा गुणक म्हणजे ३१२.४९५ भागिले ३१२.४८०, अर्थात १.००००४८. रीपरमध्ये क्लिपच्या प्रॉपर्टीत ‘प्लेबॅक रेट’ला हा आकडा द्या. तिथेच स्वर कायम ठेवण्याचा, ‘प्रिझर्व्ह पिच’चा पर्याय असतो, तो बंद करा. चालू ठेवलात तर सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून ताणतं आणि तबल्याची धार बोथट होते. बंद असताना स्वरात पडणारा फरक दहा लाखांत ४८ इतका असतो, तो कोणत्याही कानाला कळत नाही. दुसऱ्या रेकॉर्डरच्या सगळ्या ट्रॅकना एकच गुणक लावा, एकेक ट्रॅक हाताने ताणू नका.

तासाभराच्या कार्यक्रमात मधेही एक-दोन ठिकाणी टाळी किंवा ठळक थाप पकडून जुळणी बघा. मध्यावर दोन-तीन मिलिसेकंद सुटत असतील तर अभंग संपून दुसरा सुरू होतो त्या शांततेत फाइल कापा आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र सरकवा. चालू थापेत कापू नका.

९. वीज आणि घरघर

दोन यंत्रं केबलने जोडली की अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि ५० हर्ट्‌झची घरघर येते. दोन्ही यंत्रं, मिक्सर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी घरघर राहिली तर कोअॅक्सियलऐवजी ऑप्टिकल केबल लावा. तिच्यातून फक्त उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे फेरा तुटतो. किंवा एक रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. प्लगची अर्थिंगची पिन कापून घरघर घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ओल्या फरशीवर माइक धरणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

पावसाळ्यात वीज झपकन जाऊन येते. तेवढ्याने रेकॉर्डर बंद पडला की फाइल अर्धवट राहते आणि सिंकही संपतं. यूपीएस त्यासाठी. घरातला इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर त्याची किरकिर माइकमध्ये उतरते. रेकॉर्डिंगपुरता यूपीएस किंवा शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टरच वापरा.

१०. फायली उतरवताना

२४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झला एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. आठ ट्रॅकचा तास म्हणजे चार जीबीच्या थोडं वर. काही रेकॉर्डर सगळे चॅनेल एकाच फाइलमध्ये लिहितात आणि २ किंवा ४ जीबी झाले की नवी फाइल उघडतात. असे तुकडे कॉम्प्युटरवर अजिबात फट न ठेवता एकाला एक चिकटवा, आणि ते झाल्यावरच टाळ्या जुळवा.

नावं उतरवतानाच द्या : ‘अ_०१_पखवाज_डावा’, ‘ब_०३_टाळ’. अ आणि ब म्हणजे रेकॉर्डर. गुणक कुणाला लावायचा हे त्या एका अक्षरावरून कळतं. रेकॉर्डरमध्येच ट्रॅक कापून, सुरुवातीची शांतता काढून निर्यात करू नका. सगळ्या फायली शून्यापासून, पूर्ण लांबीच्या हव्यात. मूळ फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

११. जुन्या टेपा हाती आल्या तर

१९९० च्या दशकातली रेकॉर्डिंग असलेल्या एस-व्हीएचएस टेपा जुन्या स्टुडिओंतून अजून निघतात. त्या अॅलेसिसच्या एडॅटच्या, १९९२ पासून बाजारात आलेल्या. आठ ट्रॅक प्रत्येकी, आणि अशी सोळा यंत्रं एका साखळीत जोडता येत. सिंकसाठी नऊ पिनांची खास केबल लागते. कॉम्प्युटरची नऊ पिनांची सिरियल केबल तिच्याजागी वापरू नका. आवाज ऑप्टिकलमधून घ्या, आणि घेताना कॉम्प्युटरच्या इंटरफेसचं क्लॉक ‘एडॅट’वर ठेवा, कारण टेपची गती ठरवणारं यंत्र तेच आहे.

हाय-८ टेप असेल तर ती बहुधा टॅस्कॅमच्या डीए-८८ ची, १९९३ नंतरची. तिचा डिजिटल आवाज टीडिफ नावाच्या २५ पिनांच्या पोर्टातून येतो. टॅस्कॅमच्याच अॅनालॉग केबलला अगदी तसंच टोक असतं, त्यामुळे केबलवरचं नाव वाचल्याशिवाय जोडू नका.

सोळा ट्रॅकचं गाणं दोन टेपांवर असेल आणि यंत्र एकच मिळालं, तरी काम होतं. दोन्ही टेपा एकाच यंत्रावरून, एकाच क्लॉकवर, वेगवेगळ्या वेळी उतरवा. सुरुवातीचा ठोका जुळवला की बाकीचं गाणं बहुतेक वेळा आपोआप जुळतं, कारण मूळ रेकॉर्डिंग करताना दोन्ही टेपा एकाच लयीत चालल्या होत्या.

टेप घालण्याआधी झाकण उचलून उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या टेपेच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर टेप यंत्रात घालू नका. हेड खराब होतो आणि पुढच्या चांगल्या टेपेलाही बुरशी लागते. आधी कोरड्या जागी ठेवून, साफ करून घ्यावी लागते, आणि हे काम टेप दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावं.